लेकुरवाळी रुई

मामाजींनी पोळ्याला गावी जायचं आणि मग तिकडेच राहायचं असं जाहीर केलं, तेव्हा पोळ्याला अजून चांगला उन्हाळाभर अवकाश होता. पिशवी मात्र त्यांनी त्याच दिवशी भरून ठेवली आणि जाता-येता आम्हाला दिसेल अशी दाराच्या खुंटीला टांगली. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात.

आत्याबाई, म्हणजे सासूबाई गेल्यावर ते गावी एकटेच राहत होते. हिवाळ्यात एकदा चक्कर येऊन अंगणात पडले आणि दुपारी शेजारीण सूप परत करायला आली तोवर तसेच पडून राहिले. त्यानंतर नवऱ्याने त्यांना मोताळ्याला आमच्या घरी आणलं. वावर बटईने, म्हणजे वाट्याने कसायला दिलं. जन्मभर कपाशी केलेला माणूस आमच्या गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून नांदुऱ्याच्या बसगाड्या बघू लागला. कुठली गाडी उशिरा आली, कुठल्या ड्रायव्हरला घाई आहे, हे तो डेपोला सांगू शकला असता.

"मी काय वेटिंग रूमात बसून राह्यलो का?" ते रोज सकाळी विचारत. नवरा ऑफिसला पळायचा, मी सरकारी दवाखान्यात औषधं वाटायला जायची. जाताना मी त्यांच्या हातावर त्यांच्या गोळ्या ठेवायची आणि संध्याकाळी त्यातली एखादी तुळशीच्या कुंडीत सापडायची. गावी एकटं राहून हा माणूस गोळ्या घेणार नाही, हे मला गोळ्यांच्या धंद्यात असल्यामुळे स्वच्छ दिसत होतं. पुढच्या खेपेला सूप परत करायला कोणी आलंच नाही तर? हा प्रश्न नवऱ्याने कधी तोंडाने विचारला नाही. पण पोळ्याचा विषय निघाला की तो जेवणातून लवकर उठायचा.

अशात आमच्या मॅडमना फुलपाखरांचं वेड लागलं. मॅडम म्हणजे समोरच्या घरातल्या निवृत्त शिक्षिका. लेकीकडे मोठ्या शहरात जाऊन आल्या आणि आल्या त्या 'फुलपाखरू उद्यान' हा शब्द घेऊनच. आम्ही काही बायका पहाटे नगरपंचायतीच्या बागेत फिरायला जातो. बाग म्हणजे काय, तर एक कधीच न उडणारं कारंजं, कचरा खाणारा सिमेंटचा ससा, दोन झोके आणि त्यातला एक तुटलेला. पाठीमागे मारुतीचं छोटं देऊळ आणि देवळाला लागून गाजरगवताने भरलेला कोपरा. मॅडमनी तो कोपरा मागितला. नगरपंचायतीचे साहेब म्हणाले, "घ्या. पण बोर्ड आमचा लागेल." आम्ही म्हटलं, बोर्ड दोन लावा, फक्त एक पाण्याचा नळ द्या. बोर्ड आठवड्यात लागला, नळाला आषाढ उजाडला.

मी मामाजींना मुद्दामच ओढलं. आम्हा बायकांना खणता येत नव्हतं असं नाही, पण मला ते गॅलरीतून उठलेले बघायचे होते. म्हटलं, "मामाजी, बागेत पाखरं बोलवायची आहेत. जमीन तयार करून द्याल का?"

चूक माझीच शब्दाची. मी 'फुल' खाल्लं आणि नुसतं 'पाखरं' म्हटलं. कपाशीवाल्याच्या घरात पाखरू म्हणजे बोंडअळीचा पतंग. शेतात पाखरं दिसू लागली की अळी येणार, आणि अळी आली की वर्ष गेलं. मामाजींनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पाखरं बलवाची? त्यात काय. उद्या बलवतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही बागेत गेलो तर कोपऱ्यातल्या निंबाला आणि झोक्याच्या लोखंडी दांड्याला कामगंध सापळे टांगलेले. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते. वर हिरवी टोपी, खाली लोंबणारी प्लॅस्टिकची पिशवी, आणि आत मादीच्या वासाची गोळी. नर पाखरू त्या वासाने वेडं होऊन येतं आणि पिशवीत पडतं. मामाजींकडे गावाहून आणलेल्या सामानात ते उरलेले होते.

"आता पाहा," मामाजी मोठ्या खुशीत म्हणाले, "रातभरात लाईनच लागते."

"आणि मग?" मॅडमनी विचारलं.

"मंग मरतात ना."

मॅडम कारंज्याच्या कट्ट्यावर बसल्याच. मला इतकं हसू आलं की मी निंबाला धरून उभी राहिले. शेवटी त्यांना सांगितलं की पाखरं जिवंत हवी आहेत, रंगीत हवी आहेत आणि ती इथे राहायला हवी आहेत.

"काऊन?" त्यांनी विचारलं.

"बघायला."

"पाहून मंग?"

"मग काही नाही. बघायचं नुसतं."

मामाजींनी निमूटपणे सापळे उतरवले. पण माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी दवाखान्यात रोज पाहते, पेशंटला साखर सोडा म्हटलं की.

तरी ते यायला लागले. जमीन दिसली की त्यांना राहवत नाही. गाजरगवत त्यांनी मुळासकट काढलं, ढेकळं फोडली, नळापासून पाट काढला. आम्ही आणलेली झाडं पाहून मात्र त्यांचा जीव खालीवर व्हायचा. झेंडू, सदाफुली, कडीपत्ता इथवर त्यांना चाललं. घाणेरी आली तेव्हा ते म्हणाले, "धुऱ्या-बांधावरची घाणेरी काढता काढता आमचं आयुष्य गेलं, अन् तुमी लावून राह्यल्या!" पुढे तरवटा आला. देवळामागे रुईची जुनी मोठी झुडपं होती, तीही आम्ही राखली आणि आणखी लावायला निघालो. तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "रुई लावत नसतात सूनबाई, रुई येते. हे तं तणाचं वावर झालं!" पण प्रत्येक झाडाभोवती आळं मात्र इतकं सुरेख करायचे की मॅडम त्याचे फोटो लेकीला पाठवायच्या.

आळ्यांपर्यंत सगळं छान चाललं होतं. गाडी अडली ती अळ्यांपाशी.

श्रावणाच्या तोंडावर रुईवर अळ्या आल्या. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, अंगावर काळी शिंगं, पानाच्या कडेने आत आत खात जाणाऱ्या. मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी पेढे वाटले. फुलपाखरं येऊन अंडी घालून गेली होती, याचा अर्थ बाग त्यांना पसंत पडली होती. मामाजी त्या दिवशी नव्हते. पेढा मी त्यांच्यासाठी घरी आणला, पण कशाचा पेढा ते सांगायचं राहून गेलं. ते मात्र दुसऱ्या दिवशी आमच्याआधीच बागेत पोचले.

आम्ही गेलो तर ते हात धूत होते. चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचं समाधान. "वेळेवर पाह्यलं म्हणून बरं झालं," ते म्हणाले. "एकूण एक वेचली. पंप असता तं औषधच मारलं असतं."

त्यांच्या भाषेत औषध म्हणजे फवारायचं. माणसाला देतात ती गोळी. मॅडमनी रुईकडे पाहिलं, मग आळ्यात तुडवलेल्या अळ्यांकडे पाहिलं आणि त्यांचा आवाजच फुटला. "अहो, हे काय केलंत! सगळी बाग मारली तुम्ही! इतकं समजावलं, काही म्हणून कळत नाही का तुम्हाला?"

मामाजींना असं कोणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मॅडमचाही इलाज नव्हता, त्यांना खरंच रडू येत होतं. मी मधे काहीतरी बोलणार तोवर मामाजींनी टॉवेलने हात पुसले. "अळी मारू मारू लेकरं शिकवली मी," ते शांतपणे म्हणाले. "तुमच्या बागीत अळी पाळत असतील तं पाळा. माह्यानं नाही होणार." आणि ते निघून गेले.

ते परत गॅलरीत जाऊन बसले. मॅडम बिचाऱ्या संध्याकाळी शिरा घेऊन आल्या, चुकलं म्हणाल्या. मामाजींनी शिरा खाल्ला, बोलले गोड, पण बागेत काही गेले नाहीत. खुंटीवरची पिशवी काढून त्यांनी तिच्यात छत्री घातली आणि पुन्हा टांगली. नवऱ्याने ते पाहिलं. "आता नाही थांबत ते," मला आत येऊन म्हणाला. मला मॅडमचा राग आला, मामाजींचा आला, अळ्यांचाही आला. गेल्या महिन्यात हा माणूस जेवताना दुसरी भाकर मागून घेत होता आणि आता परत अर्धीवर आला होता.

अळ्यांना मात्र आमच्या रुसव्याफुगव्याशी काही देणंघेणं नव्हतं. पानांच्या खाली वाचलेली अंडी फुटली आणि रुई पुन्हा पट्ट्यापट्ट्यांची झाली. आणि मग श्रावणातला शनिवार आला.

मारुतीला रुईच्या पानांची माळ लागते. श्रावणी शनिवारी तर आख्खं गाव माळा घेऊन येतं, आणि पानं तोडायची कुठून, तर देवळामागच्याच झुडपांवरून. हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पहिल्या शनिवारी निम्मी रुई बोडकी झाली. त्यातली एक अळी माळेबरोबर गाभाऱ्यात गेली आणि मारुतीच्या शेंदरी खांद्यावर चढली. पुजाऱ्याने तिला पाहून जी किंकाळी फोडली, ती म्हणे बसस्टँडपर्यंत ऐकू गेली.

दुसऱ्या शनिवारी मी सुट्टी काढून झुडपांपाशी उभी राहिले. माझा स्वभाव असा की मला गोड बोलून काम करून घेता येत नाही. पहिल्या दोघीतिघींना मी हात जोडून सांगितलं, चौथीला नुसतं सांगितलं आणि पाचवीचा हात धरला. तिच्या बोटांना रुईचा चीक लागलेला, हातात पानांचा गठ्ठा.

"देवाच्या पानाले नाही म्हणून राह्यल्या तुमी?" ती म्हणाली.

"पान देवाचं तशी अळीपण देवाचीच आहे," मी म्हटलं.

"मंग घरी नेऊन देव्हाऱ्यात बसवा तिले!"

आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. कोणी म्हणालं, मारुतीपेक्षा अळी मोठी झाली का? कोणी म्हणालं, या दवाखान्यातल्या ताई ना, तिथं पण अशाच वसकन अंगावर येतात. हे अगदीच खोटं नसल्यामुळे मला जास्त झोंबलं. मी काहीतरी फार वाईट बोलणार होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "काय झालं, सूनबाई?"

मामाजी शनिवार धरतात. दर्शन घेऊन ते देवळाच्या पायरीवर बसले होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. धोतराचा सोगा धरून ते सावकाश आले, रुईपाशी उभे राहिले, एक पान उलटं करून पाहिलं. खाली अळी होती. मला वाटलं, आता हे ती चिरडतात आणि विषय संपतो.

त्यांनी पान सोडून दिलं. मग त्या बाईला म्हणाले, "बाई, पानं तोडा. पण या झाडाची नोको. हे झाड लेकुरवाळं हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे लेकरं हायेत ना त्याच्या अंगाखांद्यावर. लेकुरवाळीच्या अंगावरचं काढून देवाले वाहत असतात का? अन् पान पाहा, किडकं. किडकं पान चालते का मारुतीले?"

बाईने गठ्ठ्यातलं एक पान उलटं करून पाहिलं. किडकं पान देवाला वाहत नाहीत, हे तिलाही माहीत होतं. लेकुरवाळ्या झाडाची गोष्ट मी जन्मात ऐकली नव्हती, आणि कोणीच ऐकली नव्हती, कारण मामाजींनी ती तिथल्या तिथे उभ्या उभ्या रचली होती. पण म्हाताऱ्या माणसाने कपाळाला शेंदूर लावून सांगितलेलं खोटं ठरवायला हिंमत लागते. मागची एक आजीबाई मान हलवत म्हणाली, "हाव, पहिले असंच होतं." मग तर प्रश्नच मिटला. पाचवीने हातातला गठ्ठा खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता नुसती तुळशीची माळ घ्यायला गेली.

घरी जाताना मी मामाजींना म्हटलं, "तुम्हाला तर अळ्या आवडत नाहीत."

"नाहीच आवडत," ते म्हणाले. "अळी मारालेच पाह्यजे. पण माह्या सुनेले चारचौघात कोणी हसलं नाही पाह्यजे."

लग्नाला वीसेक वर्षं झाली. इतक्या वर्षांत मामाजींनी माझ्या स्वयंपाकाला कधी नाव ठेवलं नाही आणि कधी वाखाणलंही नाही. त्यांना मी आवडते की नाही, याचा मी विचार करणंच सोडून दिलं होतं. त्या दिवशी रस्त्यात मला भरून आलं. मी त्यांच्या हातातली प्रसादाची पिशवी माझ्याकडे घेतली.

आता खरी गंमत पुढे झाली. चारचौघात नियम सांगून बसल्यावर तो पाळणं मामाजींच्या गळ्यात पडलं. पुढच्या शुक्रवारीच दोघीजणी घरी विचारायला आल्या, "काका, यंदा कोणती झाडं लेकुरवाळी हायेत?" मामाजींना कुठे माहीत असायला! पण 'मले नाही माहीत' हे वाक्य त्यांच्या तोंडात बसत नाही. ते चपला घालून बागेत गेले, वाकून वाकून प्रत्येक झुडूप पाहिलं आणि जिथे अळ्या होत्या तिथे देवळातला लाल नाडा बांधून आले. शनिवारी लोकांनी नाडा बघून ती झाडं सोडली. इतकंच नाही, तर कोणीतरी नाडा बांधलेल्या रुईच्या बुडाशी हळदकुंकू वाहिलं, आणि एकीने तर मूठभर तांदळाने तिची ओटी भरली. तांदळाला मुंग्या लागल्या म्हणून मॅडम वैतागल्या. "आता मुंग्या खातील अळ्यांना!" तर मामाजी उकिडवे बसून एकेक तांदूळ वेचायला लागले. पहिल्या वेळी अळ्या वेचणारी हीच बोटं, असं मॅडम माझ्या कानात म्हणाल्या, आणि आम्ही दोघी तोंड फिरवून हसलो.

लोकांच्या माळा अडू नयेत म्हणून शुक्रवारी ते नाल्याकाठची स्वच्छ पानं पोत्यात भरून आणून देवळात ठेवायचे. त्या पानांवर अळी असली तर तिला काडीवर घेऊन बागेतल्या रुईवर सोडायचे. सकाळी गोळ्या मी हातावर ठेवायच्या आधीच मागून घेऊ लागले. कारण वाकलं की चक्कर येते, आणि वाकल्याशिवाय पानाखालचं दिसत नाही.

एका सकाळी ते बागेतून धावतच घरी आले. त्यांचं धावणं मी पहिल्यांदाच पाहिलं. "चाल, चाल लवकर!" मी कणकेचे हात तसेच घेऊन गेले. रुईच्या देठाला लटकलेला हिरवा कोष, ज्याच्यावर सोन्याचे ठिपके होते, तो आता पारदर्शक झाला होता आणि आतून नारिंगी रंग दिसत होता. तो फाटला. ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं आणि उलटं लटकून पंख सुकवत बसलं. मॅडमही आल्या. पंख हळूहळू मोठे झाले, ताठ झाले, आणि पुष्कळ वेळाने ते फुलपाखरू उठून घाणेरीवर जाऊन बसलं.

"आमी अळीच्या पुढं कधी जाऊच देल्लं नाही याले," मामाजी म्हणाले. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. "काका, चहा घेता का?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि दोघं त्यांच्या ओट्यावर चहा घ्यायला गेले.

आणि मग पोळा आला. आदल्या संध्याकाळी मामाजींनी पिशवी खाली काढली. अळ्या-फुलपाखरं सगळं खरं, पण बैल ते बैल आणि गाव ते गाव. पोळ्याच्या दिवशी आम्ही तिघं बसने गावी गेलो. वावर करणाऱ्या गड्याने बैल सजवले होते. शिंगांना बेगड, पाठीवर झूल. मामाजींनी त्यांना ओवाळलं, पुरणाचा घास भरवला, एकाच्या मानेवर कितीतरी वेळ हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, झालं. नवरा तर तोरणाखाली बैलांची रांग पाहायचं सोडून घराची कौलं तपासत होता, पावसात गळतात की काय म्हणून.

तोरण तुटून बैल घरोघर गेल्यावर मामाजींचे जुने सोबती ओट्यावर जमले. लहानपणापासूनचा एक दोस्त त्यांच्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "मी घर झाडून-सारवून ठेवलं बे. आता कुठी जातं? राह्य इथंच."

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. तिथेच थांबले.

"नाही ना बे, जमत नाही," मामाजी म्हणाले. "घरी लेकरं लहान हायेत."

दोस्ताने तोंड उघडं टाकून आधी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आमचा मुलगा अकोल्याला कॉलेजात शिकतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याची नजर माझ्या पोटापर्यंत गेली, तशी मी पदर सावरून घेतला आणि सगळा चहा बशीत सांडला. नवऱ्याने घराच्या कौलांकडे पाहत पाहत डोळे पुसले. मामाजींना यातलं काहीच दिसलं नाही. ते रस्त्याकडे बघत होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "मोताळ्याची गाडी किती वाजता हाय?"